चिठ्ठ्यांसकट

आमच्या गायकाचा मेसेज आला तेव्हा मी स्टुडिओत एका उमेदवाराच्या प्रचाराची घोषणा ऑटोरिक्षासाठी रेकॉर्ड करत होतो. मेसेजमध्ये एवढंच होतं : ‘मंडईची टेप आहे का बे तुझ्याकडे? दुरुस्त करून दे. पोरीला माझा आवाज ऐकवायचा आहे.’

तो मेसेजच पाठवू शकत होता. काही वर्षांपूर्वी नागपूरला त्याचं ऑपरेशन झालं. कॉलेजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात असायचा, त्याच्याही आणि आम्हा सगळ्यांच्याही, बाधला फक्त त्याला. अर्धा जबडा गेला आणि जिभेचा मोठा भाग गेला. त्यानंतर त्याच्या तोंडून जे निघायचं ते फक्त त्याच्या बायकोला समजायचं. मुलगी झाली ती या सगळ्यानंतर. ती आता पहिलीत जात होती आणि बापाचा खरा आवाज तिनं कधी ऐकलेला नव्हता. लग्नाची सीडी होती, पण शूटिंगवाल्यानं तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवून ठेवली होती. त्यात गाठ परत आली होती आणि महिन्याभरात पुन्हा नागपूरला जायचं होतं. थोडक्यात, ती टेप सोडून त्याचा आवाज जगात कुठंच शिल्लक नव्हता.

हे सगळं मला माहीत होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळीही मी दवाखान्यात गेलो, बाकावर बसलो, बाहेर टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीनं गोंदियाला परत आलो. रडू येईल म्हणून तयारीत होतो. आलं नाही. तेव्हापासून आतला तो कप्पा बंदच होता. मेसेजला मी ‘बघतो’ असं उत्तर दिलं आणि उमेदवाराच्या घोषणेला दमदार संगीत लावून दिलं.

टेप आईच्या घरी माळ्यावर निघाली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, तुटक्या वायरी आणि पिनांच्या गुंत्याखाली. तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. ती तिथं का पडून होती हे सांगायचं तर आमच्या बँडची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती फार मोठी नाही.

नवं शतक लागलं तेव्हा आम्ही चौघं अर्जुनी मोरगावला एक रॉक बँड काढून बसलो होतो. गिटार मी वाजवायचो. ड्रम वाजवणारा गोंदियाचा, घरी हिंदी बोलणारा. ड्रमसेट लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या एका धुमाल पार्टीकडून मागून आणलेला, त्यावर त्या पार्टीचं नाव रंगवलेलं होतं, म्हणून आम्ही पुढून त्याला चादर लावायचो. बेस वाजवणाऱ्याला बेस वाजवता येत नव्हता, पण त्याच्याकडे बेस होता. आणि गायक. त्याचे वडील भीमगीतांच्या पार्टीत गायचे. लहानपणापासून तो त्यांच्यामागे कोरसला बसलेला, त्यामुळे त्याचा गळा तापलेला होता आणि हजार माणसांसमोर उभं राहायला तो घाबरायचा नाही. गाणी आमचीच होती, हिंदीत, लोडशेडिंगवर, रेल्वे फाटकावर, एका न मिळालेल्या मुलीवर. तो ती ओरडून गायचा, कारण रॉक ओरडून गायचं असतं असं आम्ही ठरवलं होतं.

आम्हाला कार्यक्रम कोण देणार? एका गावच्या मंडई समितीनं दिला. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव एकेक दिवस जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दुपारी नाचगाण्याची दंडार होते, रात्री नाटक. त्या दिवशी दंडारीचे लोक उशिरा येणार होते म्हणून दुपारचं मैदान आम्हाला मिळालं. साउंड सर्व्हिसवाल्याला आम्ही खूप मस्का मारला आणि त्यानं मिक्सरला डेक जोडून आमचा अख्खा कार्यक्रम कॅसेटवर घेतला. ती कॅसेट नागपूरच्या एका कंपनीकडे पाठवायची आणि मग आम्ही मोठे होणार, असा सगळा बेत होता.

पण मंडईचा माइक हा गावाचा माइक असतो. त्यावर कोण उभा आहे याला महत्त्व नाही. जो उभा असेल त्यानं हातात आलेली चिठ्ठी वाचायची, हा रिवाज. अमक्या गावच्या तमक्यांकडून कलावंतांना प्रेमाची भेट. रस्त्यात उभा ट्रॅक्टर काढा. कोणाची तरी सासू चक्रीपाळण्यापाशी वाट पाहत आहे. दंडारीतला शाहीर हे सगळं गाण्याच्या मधेच, ओळ तोडून सांगतो आणि बरोबर त्याच मात्रेवर परत गाणं उचलतो. लोकांना त्यात वावगं वाटत नाही. उलट आपलं नाव गाण्यात आलं म्हणून बरं वाटतं.

आमचा गायक त्याच शाळेत शिकलेला. पहिलंच गाणं ऐन रंगात आलं असताना समितीच्या माणसानं चिठ्ठी पुढे केली, आणि यानं ओरडणं थांबवून, घसा साफ करून, भीमगीतांच्या स्टेजवर बोलतात तशा खणखणीत आवाजात ती वाचली. मग चौथ्या ठोक्याला परत गाण्यात. मी त्याच्याकडे डोळे फाडून बघत होतो. ड्रमवाल्याला वाजवत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रत्येक गाण्यात हेच. शेवटच्या गाण्याला तर कहर झाला. गर्दीत हरवलेली एक लहान मुलगी कोणीतरी उचलून स्टेजवर आणून ठेवली. यानं गाणं पूर्ण थांबवलं, खाली बसला, माइक हातात घेऊन तिच्याशी बोलत बसला. मुलगी रडत होती, नाव सांगेना. आम्ही तिघं आपापल्या वाद्यांपाशी बावळटासारखे थांबलेले. तिचा बाप धावत आला, तिला घेऊन गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी तीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप ऐकली. ड्रमवाला म्हणाला, “यार, ये कॉन्सर्ट है के राशन की दुकान?” मीही तोंडाला येईल ते बोललो. गायक शांतपणे म्हणाला, “मंग का करू? टुरी रडून रायली अन् मी बोंबलत राहू?” त्यावर आम्ही आणखी चिडलो. कॅसेट कुठंच पाठवली नाही. वर्षभरात ड्रमवाला वडिलांच्या दुकानात बसला, बेसवाला पोलिसात गेला, मी गोंदियाला येऊन एका स्टुडिओत चिकटलो. पुढे स्वतःचा टाकला. गायक अर्जुनीलाच राहिला.

तर ती टेप. बुरशी लागलेली टेप तशीच लावली तर डेकच्या हेडची वाट लागते. मी कवच उघडलं, फीत हळूहळू स्पिरिटच्या कापसातून ओढली, दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली. जुना डेक दुरुस्त करून घेतला. हेडचा बारीक स्क्रू फिरवत फिरवत त्या बसलेल्या आवाजाला पुन्हा धार आणली. सगळं कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा खरी भानगड दिसली. मंडईत वीज नव्हती, सगळं जनरेटरवर. चक्रीपाळणा सुरू झाला की भार वाढायचा, डेक हळू पडायचा, आणि आता लावल्यावर नेमकं तिथं गाणं वर चढायचं. पाळणा थांबला की परत खाली. म्हणजे चक्रीपाळणा कधी फिरला याची नोंद आमच्या गाण्यांत होती. तो चढउतार मी तुकड्यातुकड्यानं सरळ केला. जनरेटरची घरघर काढली. गिटार थोडी दाबली. मी तेव्हा फार जोरात वाजवायचो.

आणि चिठ्ठ्या कापल्या. हे काम सोपं निघालं. गायक दर वेळी अचूक ठोक्यावर परत येत होता, त्यामुळे मधला तुकडा उचलून दोन टोकं जोडली तर सांधा शोधून सापडत नव्हता. त्याचा ताल इतका पक्का आहे हे मला तेव्हा कधी कळलं नव्हतं. आता कळलं, तरी मी फक्त ‘बरं झालं’ म्हटलं आणि पुढचा तुकडा कापला. गाणी ऐकली. स्वच्छ, सलग, दमदार. तेव्हा अशी टेप असती तर आम्ही पाठवली असती. समाधान वाटायला हवं होतं. मला चहा प्यावासा वाटला.

रविवारी सकाळच्या गाडीनं अर्जुनीला गेलो. त्याच्या अंगणात खाटेवर तो गळ्याला रुमाल गुंडाळून बसला होता, पार वाळला होता. वहिनींनी खुर्ची दिली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी स्पीकर जोडला आणि पहिलं गाणं लावलं.

मुलगी नीट ऐकत होती, शाळेत बाई सांगतात तशी हाताची घडी घालून. गाणं संपलं. तिनं आईला हळूच विचारलं, “यात बाबा कोनता हाय?”

“हाच ना माय, गाऊन रायला तो,” वहिनी म्हणाल्या.

“हा तं टीव्हीतला हाय.”

दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. मुलगी उंबऱ्यावर बसली आणि मातीत काडीनं रेघा ओढू लागली. गायकानं माझ्याकडे बघून बोटानं हवेत कागद वाचल्यासारखं केलं. मला कळेना. मग त्यानं मोबाइल घेतला, टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला : ‘चिठ्ठ्या कुठं आहेत?’

“काढल्या,” मी म्हणालो. “सगळ्या काढल्या. आता एकही नाही.”

तो काहीतरी बोलला. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही, सरळ सांगितलं, “भाऊजी, ते म्हनून रायले, मी बोलतो तो चिठ्ठ्यांत. गान्यात तं मी नुसता बोंबलतो. तुमी कायले काढल्या?”

मी कापलेलं काही फेकत नाही, एवढं बरं होतं. गोंदियाला येऊन तो आठवडा मी उलटं काम केलं. गाणी बाजूला ठेवली आणि चिठ्ठ्या साफ करायला घेतल्या. बोलण्याचा आवाज दुरुस्त करणं जास्त कठीण. तिथं मागं लपायला ड्रमशिवाय काही नव्हतं. ‘स’ फाटत होता तो मऊ केला, छातीतला आवाज थोडा वर आणला. ट्रॅक्टर काढा. प्रेमाची भेट. वाट पाहत असलेली सासू. दिवसभर कानात तेच. मग हरवलेल्या मुलीचा भाग. त्यात एक जागा रिकामी होती. तो प्रश्न विचारतो आणि मग बराच वेळ काहीच नाही, दूरवरच्या जत्रेचा कालवा तेवढा. सवयीनं मी ती जागा निवडली, पुसायला बोट टेकवलं. मग राहू दिली. का ते सांगता येणार नाही. एकदा कापून तोंडघशी पडलो होतो, बहुतेक म्हणूनच.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. दोनच दिवसांनी ते नागपूरला निघणार होते. दारात पिशवी भरून ठेवलेली होती. मुलगी या वेळी जवळ आली नाही, अंगणाच्या कोपऱ्यात खेळत होती. मी चिठ्ठ्या लावल्या. ट्रॅक्टरची सूचना झाली. वहिनी हसल्या. “असेच बोलत होते,” त्या म्हणाल्या, “मले बाजारात पाठवतानी बी असंच.” गायक मान खाली घालून ऐकत होता. मला काही वाटतंय का, हे मी आत तपासून पाहत होतो. स्पीकर बरा वाजत होता, एवढंच.

मग हरवलेल्या मुलीचा भाग आला. गाणं थांबलं, ड्रमचा शेवटचा ठोका विरला, आणि तो आवाज खाली वाकून, माइकच्या अगदी जवळून म्हणाला, “कायले रडून रायलीस? इकडे ये. काय नाव हाय तुझं, माय?”

पुढे ती रिकामी जागा.

कोपऱ्यातली मुलगी उठली होती. ती स्पीकरपाशी आली, उभी राहिली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, शाळेत हजेरीला सांगतात तसं : आधी तिचं, मग बापाचं, मग आडनाव.

“बरं, बरं,” टेपवरचा तो म्हणाला. “आता रडू नोको. बस इथं माझ्यापाशी. तुझा बाप येऊन रायला.”

ती खाटेवर जाऊन त्याच्यापाशी बसली. मी टेप बंद करायला हात पुढे केला, पण मला बटण दिसत नव्हतं.