पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा दवाखाना

मुंबईच्या गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात जायचं तर आधी अनुभव हवा, असं मला एकानं सांगितलं. अनुभवाचा दाखला हवा, असं दुसऱ्यानं. मी पहिल्याकडे कानाडोळा केला आणि दाखल्याच्या मागे लागलो. चिंचवडच्या भिक्षुकाच्या घरातला मी. आमच्याकडे गाय फक्त गोदानाच्या संकल्पात यायची.

चाकणच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात सहा महिने बिनपगारी राबलो. डॉक्टरांची अट एकच, "औषधाच्या कपाटाला हात लावलास तर दाखला विसर." त्यामुळे माझा अनुभव म्हणजे वही लिहिणं, डॉक्टरांची सायकल पुसणं आणि बैल आडवा पाडताना लांबून "सांभाळून!" म्हणणं.

भादव्यातला पोळा झाला. त्या दिवशी बैलाला पुरणपोळी चारतात. वर्षभर ज्याला चाबूक दिला, त्याची भरपाई एका दिवसात करायची असते, त्यामुळे हात आवरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर रंगवलेल्या शिंगांचे आणि फुगलेल्या पोटांचे बैल रांगेनं उभे! काय खाल्लं म्हणून कुणालाही विचारा, उत्तर एकच, "काय न्हाई. नजर लागली." नैवेद्य बाधला असं तोंडानं कोण म्हणणार? मीही निमूटपणे वहीत 'नजर' लिहीत होतो. डॉक्टर रजा न टाकता स्वतःच्या बैलांचा पोळा करायला गावी गेले होते.

तेवढ्यात एका म्हाताऱ्याच्या बैलानं बसकण मारली आणि मान टाकली. "आवं, कायतरी करा की," म्हातारा मला म्हणाला. त्याचा तो एकच बैल होता.

किल्ली खुंटीलाच होती. मी कपाट उघडलं. डॉक्टरांना करताना पाहिलं होतं तसं गोड्या तेलात टर्पेंटाइन घातलं आणि बांबूच्या नळकांड्यानं थोडं थोडं पाजलं. म्हातारा बैलाची डावी कूस चोळत होता. घटकाभरानं बैलानं असा ढेकर दिला, की तसा आमच्या वडिलांनी यजमानाकडेही कधी दिला नसेल. मग रांगेतल्या बाकीच्यांनाही पाजलं आणि वहीत प्रत्येक 'नजर'पुढे औषध लिहिलं.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी उगवले. वही पाहिली, पण ओरडले नाहीत. ओरडले असते तर आपण कुठं होतो ते सांगावं लागलं असतं. वहीत 'उपचार स्वतः केले' असं लिहून ते माझा दाखला लिहायला बसले, 'मुलगा आज्ञाधारक आहे. औषधांना कधीही हात लावलेला नाही.'

सही करणार, तोच म्हातारा नारळ घेऊन आला. "माजा बैल ज्यानं जगवला, त्याच्यासाटी हाय."

डॉक्टरांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरसाहेबांनीच पाजलं औषध," मी म्हणालो.

"आसंल," म्हातारा म्हणाला. "मला म्हाताऱ्याला कमीच दिसतंय." आणि त्यानं नारळ डॉक्टरांपुढे ठेवला.

डॉक्टरांनी सही ठोकली, नारळ तिथंच फोडला आणि एक तुकडा मला दिला. लाजेनं तो गिळवेना. पण दुसऱ्या हातात दाखला होता, म्हणून थुंकलो नाही.