यारीचा लांबवलेला हात

विहिरीच्या काठावर उभा केलेला लोखंडी सांगाडा, पुढं काढलेला त्याचा हात आणि त्याला तारेनं टांगलेला डोल, याला आमच्याकडं यारी म्हणतात. सटाण्याच्या बाजूच्या कितीतरी विहिरी भिमाजीच्या यारीनं खोल गेल्या. खाली डोलात दगड भरायला बायको नवसाबाई, वर ब्रेकवर तो. तो ब्रेक त्यानं कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

पुंजारामच्या मळ्यात विहिरीच्या काठाला भेग पडली. भिमाजीनं यारी मागं ओढली आणि डोल मधोमध उतरावा म्हणून तिचा हात लांबवला. यारी उलटू नये म्हणून मागं रचलेले तोलाचे दगड होते तेवढेच ठेवले. डोल तोच, भरणंही तेवढंच, मग तोल कशाला वाढवायचा, असं त्याला वाटलं.

पहिला भरला डोल चढता चढता अडखळला, आणि यारीचे मागचे पाय जमीन सोडून डुलू लागले.

भिमाजीनं ब्रेक आवळला. ओझं कुठंही टांगा, यारीवर भार तेवढाच येतो. पण ते पायांपासून लांब नेलं, की भाराच्या जोडीला उलथवणारा जोर येतो. त्यानं भार हिशेबात धरला होता, जोर विसरला होता. आता डोल ओढला तरी हिसका, सोडला तरी हिसका. आणि डोलाखाली नवसाबाई.

"झोपलात का काय?" खालून तिचा आवाज आला.

"भिंतीला चिकट."

"काय झालं?"

"चिकट म्हणतो ना."

पुंजाराम आणि त्याची सून हर्षाली धावत आले. "यारीच्या मागच्या पट्टीवर बसा," भिमाजी पुटपुटला. "हळू. उडी नका मारू." दोघं बसले. यारीचे मागचे पाय टेकले, तरी थरथरत होते. त्यानं ब्रेक इतका सावकाश सैल केला, की तारेचा पेड न् पेड डोळ्यांपुढून गेला. डोल तळाला लागला.

आता तिला वर आणायलाही हीच यारी. भिमाजी मागं दगड रचत राहिला.

"बाई हाय ती, हत्ती नाय," पुंजाराम म्हणाला.

भिमाजीनं आणखी एक दगड ठेवला.

डोलात उभी नवसाबाई वर येत होती, पण त्याची नजर मागच्या पायांवर होती. ती काठावर उतरली. दगडांची रास बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला. ब्रेकवर आवळलेली त्याची बोटं एकेक करून तिनं सोडवली.

"सोडा आता. आले मी."