उरलेली स्प्रिंग
कुंकू भरलेला कोहळा फुटला की त्या ओलसर वासाबरोबर मला आमची जुनी पिकअप आठवते. साठ सालच्या सुमारास चिकपेटेच्या बाजारातल्या आमच्या दुकानाचा माल तीच वाहायची. आयुधपूजेच्या, म्हणजे दसऱ्यातल्या हत्यारं-गाड्यांच्या पूजेच्या, आदल्या दिवशी मी तिचे मागचे ब्रेक साफ करायला घेतले. एक चाक जोडून झाल्यावरच दुसरं उघडायचं, म्हणजे जोडताना बघायला नमुना राहतो, हा वडिलांचा नियम. मी घाईत दोन्ही एकदम उघडली. कसंबसं सगळं जोडलं, तर रॉकेलच्या थाळीत एक स्प्रिंग उरली. तोवर पाने, पक्कड, हातोडी पूजेला मांडून झाली होती, आणि पूजा उठेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. स्प्रिंग खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी सकाळभर गाडीभोवती येरझाऱ्या घातल्या. गाडी पुढे नेऊन चिरडायला चाकांखाली लिंबं ठेवली गेली, मी गाडीत बसलो, वडील फोडायचा कोहळा घेऊन गाडीपुढे उभे राहिले. “हं, सुरू कर. स्वल्प पुढे घे.” माझा हात चावीकडे जाईना. “अण्णा, आधी बाजूला व्हा,” म्हणत मी खाली उतरलो आणि स्प्रिंग दाखवली. पूजेतला पाना उचलून त्यांनी कपाळाला लावला आणि गाडीखाली शिरले. आता कोहळा घेऊन मी उभा राहतो, गाडी माझा मुलगा पुढे घेतो. लोक लिंबांकडे बघतात, मी त्याच्या खिशाकडे.