त्रेचाळीस वर्षांच्या होडीची परीक्षा

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला बांधकामावरचे लोक ‘टकटक’ म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाईट वाटत नसे. वाटावं कशाला? फरशीखाली कुठे पोकळ राहिलं आहे हे त्याला थापीच्या लाकडी मुठीने दोनदा ठोकलं की कळायचं. ती सवय पुढे हाडीमासी खिळली. दुकानात कलिंगड ठोक, मेहुण्याच्या नव्या घराची भिंत ठोक, दवाखान्यात बसल्या बसल्या बाक ठोक. एकदा बायको म्हणाली, “अहो, निदान डॉक्टरांचं टेबल तरी सोडा.”

ह्या माणसाला होडीचा नाद लागला तोही फरशीपायीच. तिशीत असताना तो होड्यांच्या क्लबातल्या स्वयंपाकघरात काम करत होता. एका सभासदाचा जोडीदार ऐन वेळी आला नाही. त्याने मिस्त्रीला विचारलं, दोरी ओढता येते का? मिस्त्री म्हणाला, सिमेंटची पोती ओढतो, दोरीचं काय घेऊन बसलात. त्या दुपारी शिडात वारा भरला, होडी कलंडली आणि धावू लागली, आणि मिस्त्री जो भारला तो भारलाच. तेव्हापासून बावीस वर्षं दर रविवारी तो कुणाच्या ना कुणाच्या होडीवर दोऱ्या ओढायला जाई. मेहुणा म्हणे, भाऊजी म्हणजे कायमचे वऱ्हाडी, नवरदेव काही व्हायचे नाहीत.

मग एका सोमवारी रंगाच्या दुकानातल्या फळ्यावर त्याला एक चिठ्ठी दिसली. ‘शिडाची होडी विकणे आहे. लांबी सव्वीस फूट. वय त्रेचाळीस. फोटो पाहून विचारू नये. प्रत्यक्ष या.’ त्याने ती तीनदा वाचली. रंग न घेताच बाहेर पडला आणि पुन्हा आत गेला, तेव्हा रंग कोणता हवा होता हेच विसरला. त्या आठवड्यात त्याने एका न्हाणीघरातली फरशीची अख्खी ओळ बोटभर तिरकी बसवली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ओळ उखडून पुन्हा लावताना तो स्वतःशीच हसत होता, आणि घरमालकीण दारात उभी राहून ह्याला झालंय तरी काय, अशा नजरेने बघत होती.

रविवारी तो बायकोला घेऊन बंदरामागच्या आवारात गेला. बायकोचा धंदा पडदे आणि ताडपत्र्या शिवण्याचा. शिडाचं कापड मी बघेन, बाकीचं तुम्ही ठोका, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. होडी लोखंडी टेकूंवर उभी होती. निळा रंग उन्हाने पांढुरका पडलेला. शेजारी एक वयस्क बाई स्टुलावर बसून दोरीची गाठ सोडवत होत्या. ह्याच मालकीण. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, आणि सुट्ट्या ह्या होडीवर काढलेल्या. अलीकडे गुडघ्यांनी सहकार्य थांबवलं होतं. “मी मध्येमध्ये करणार नाही,” त्या म्हणाल्या. “बघा काय बघायचं ते. शिडी तिकडे आहे.”

मिस्त्रीच्या मनात उकळ्या फुटत होत्या, पण हात शांत होते. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे त्याने इतक्या चकचकीत घरांत पाहिलं होतं की नव्या रंगापेक्षा जुना रंगच त्याला बरा वाटे. जुना रंग काही लपवत नाही. खिशातली छोटी लाकडी हातोडी काढून तो होडीच्या पोटाला ठोकू लागला. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, वीतभर अंतरावर, ओळीने. टक, टक, टक. आवाज भरीव येत होता. एका ठिकाणी तो थबकला, कान लावला, पुन्हा ठोकलं. आत फळी होती एवढंच. दोन्ही बाजू पुऱ्या व्हायला तास लागला, आणि पोकळ जागा आखायला आणलेला खडू खिशातच राहिला.

खाली लोंबणारं ओतीव लोखंडी पातं जड होतं, त्याच्यामुळेच होडी उलटत नाही. ते ज्या बोल्टांनी धरलं होतं ते बघायला तो आत शिरला आणि केबिनच्या जमिनीच्या फळ्या उचलल्या. बोल्टांवर गंज होता. तारेच्या ब्रशने घासल्यावर भुकटी झडली आणि खाली धातू करकरीत निघाला. त्याने इंजिनाला हात लावून पाहिला. गार होतं. कुणी येणार म्हणून आधीच चालू करून गरम ठेवलेलं नव्हतं. तिसऱ्या झटक्याला ते सुरू झालं, जरा खोकलं आणि मग एका लयीत चालू राहिलं. एवढं झाल्यावर मात्र मिस्त्रीला हसू आवरेना. अंधाऱ्या खोबणीत बसून एकटाच माणूस किती हसणार?

पण जमिनीखालच्या खळग्यात थोडं पाणी साचलं होतं. त्याने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. खारं असतं तर समुद्राचं, खालून आलेलं. गोडं म्हणजे पावसाचं, आणि पाऊस वरूनच येतो.

तो वर डेकवर आला आणि गुडघ्यांवर बसून ठोकू लागला. कडेला भरीव. मधे भरीव. डोलकाठीच्या बुडाशी आला आणि आवाज बदलला. टक नव्हे, ढप. हा आवाज तो झोपेतही ओळखला असता. त्याने खडू काढला आणि ठोकत ठोकत पोकळीची हद्द आखली. परातीएवढा डाग झाला. डेकच्या फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये लाकूड भरलेलं असतं, ते तिथे भिजून कुजलं होतं. होडीच्या ह्याच जागेवर डोलकाठीचा सगळा भार.

गणिताच्या बाई खालून बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय सापडलं? मिस्त्रीने सांगितलं. त्या म्हणाल्या, की दोन पावसाळ्यांपूर्वी पाणी पहिल्यांदा दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं खिडकीतून येत असेल. वाटण्यावर विसंबायला नको होतं.

तिकडे बायकोने गवतावर शीड पसरलं होतं. तिने शिवणीत नख घातलं आणि ओढलं. दोरा पिठासारखा तुटला. मग तिने कापड दोन्ही हातांत धरून ताणलं, उन्हाकडे धरलं, वास घेतला. “दोरा मेलाय,” ती म्हणाली, “कापड जिवंत आहे. मी सगळं उसवून पुन्हा शिवीन.”

मिस्त्री शिडीवर अर्ध्यात थांबून ते ऐकत होता. त्याला एकदम जाणवलं, की आपण दोघं मघापासून होडी घ्यायची की नाही हे बोलतच नाही, दुरुस्त कशी करायची तेच बोलतोय. आणि परातीएवढी पोकळी म्हणजे होतं तरी काय? वरचा थर कापायचा, कुजलेलं खरवडायचं, वाळवायचं, नवीन लाकूड आणि रेझिन भरायचं, थर परत बसवायचा. आयुष्यभर दुसरं काय केलं त्याने? तो घाईघाईने उरलेल्या पायऱ्या उतरला आणि त्याने बाईंना सांगितलं, की त्याला होडी हवी आहे.

किमतीचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं, डागापुरती ती आपोआपच उतरली. पण बाई हात पुढे करेनात. म्हणाल्या, “मिस्त्री, तुम्ही माझी होडी ठोकून पाहिलीत. आता मी तुम्हाला ठोकून बघणार.”

पुढच्या रविवारी क्रेनने होडी पाण्यात उतरवली. वारा मंद होता, कुजक्या भागावर फार ताण येणार नव्हता. मेलेल्या दोऱ्याचं शीड घडी करून ठेवलं आणि बाईंनी जपलेलं दुसरं, लहान शीड चढवलं. तिघं निघाले. बाई मागे उशीवर बसल्या आणि त्यांनी सुकाणू मिस्त्रीच्या हाती दिलं. बावीस वर्षांत त्याने दोऱ्या पुष्कळ ओढल्या होत्या, सुकाणू मात्र मालकाच्या हातात असे. मूठ त्याच्या तळव्यात थरथरली, जिवंत असल्यासारखी. त्याने हलकेच ओढलं आणि सव्वीस फूट होडी त्याचं ऐकून वळली. त्याला वाटलं आपण ओरडणार. तो ओरडला नाही, पण बायकोने त्याचे कान लाल झालेले पाहिले.

तासाभराने बाई म्हणाल्या, आता धक्क्याला लावा. इंजिन नको, शिडावरच.

मिस्त्रीने धक्क्यावर नजर रोखली. होडीला ब्रेक नसतो. वाऱ्याकडे तोंड करून बरोबर अंतरावर शीड सैल सोडायचं, म्हणजे ती आपोआप थांबते. अंतर चुकलं तर धक्क्यावर आदळते. तो आला, शीड सोडलं, आणि तीन होड्यांच्या अंतरावर त्याला कळलं की वेग जास्त आहे. धक्क्यावर चार माणसं बघत उभी होती. पुढे रेटलं असतं तर कदाचित जमलंही असतं. त्याने सुकाणू लोटलं, होडी वळवली, आणि सगळ्यांच्या देखत परत समुद्राकडे गेला. मान खाली घालून म्हणाला, चुकलं, पुन्हा येतो.

दुसऱ्या खेपेला त्याने शीड लवकर सोडलं. होडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर जणू दम खायला थांबली. बायको दोरी घेऊन पायरी उतरावी तशी सहज पलीकडे गेली.

बाईंनी हात पुढे केला. “वर्गात मी नेहमी बघायची,” त्या म्हणाल्या, “उत्तर चुकतंय हे कळल्यावर खोडणारा पोरगा कोण, आणि तसंच पुढे रेटणारा कोण. मागच्या महिन्यात, होडी पाण्यात होती तेव्हा, दोघं आले होते. दोघंही धक्क्यावर आदळले. होडी तुमची.”

त्यानंतर होडी पुन्हा आवारात टेकूंवर चढली, आणि सात आठवडे मिस्त्रीच्या घरात शीड होतं. बैठकीतून सुरू होऊन ते स्वयंपाकघरात जाई, आणि चहा करायचा तर ते उचलून धरावं लागे. बायको यंत्रावर शिवण घालत जाई आणि मिस्त्री पलीकडून कापड सरकवत राही. संध्याकाळी तो आवारात जाऊन डेक कापे, खरवडे, वाळवे. भरलेला भाग कडक झाल्याच्या दिवशी मेहुणा मुद्दाम बघायला आला. मिस्त्रीने त्याच्या हाती हातोडी दिली. मेहुण्याने ठोकलं, पुन्हा ठोकलं, कान खाली नेला, आणि म्हणाला की आपल्याला ह्यातलं काही कळत नाही, पण उद्या आम्हालाही न्याल का?

उद्या नाही, पण रविवारी नेलं. दीपस्तंभाच्या बेटापर्यंत जाऊन यायला पाच तास लागले. मेहुणा जाताना ओकला, येताना ओकला, आणि धक्क्यावर पाय ठेवल्यावर पुढचा रविवार मोकळा आहे का, असं त्यानेच आधी विचारलं.