लिंबूसोड्याचे तीन ग्लास

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या हनुवटीला चार टाके पडले. ती तेव्हा चार वर्षांची होती. मोटारसायकल मी चालवत होतो आणि माझ्या पोटात दारू होती. ती दारू मी मागितली नव्हती. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता तोंड उघडलं की समोरचा आधीच मान हलवतो, "हो हो" म्हणतो, आणि माझी कानशिलं तापतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

मी अवसरी बुद्रुकचा. नारायणगावात ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानात कामाला आहे. पाइप, फिल्टर, व्हॉल्व्ह घेऊन जुन्नर-आंबेगावच्या बागांतून फिरायचं, हे माझं काम. कॉलेजात मी कबड्डी खेळायचो, चढाईला जायचो. सत्ताविसाव्या वर्षी मात्र फिल्टर खांद्यावर घेऊन विहिरीपर्यंत चाललो तरी धाप लागायला लागली. त्याच सुमारास मालकानं दुकानातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली आणि माझ्या लिव्हरला चरबी निघाली.

मंचरच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. रिपोर्टवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "दारू घेता?"

"सोशल," मी म्हणालो.

"सोशल म्हणजे आठवड्यातनं किती वेळा?"

मी बोटांवर मोजायला लागलो. कुणाचा नवा ट्रॅक्टर आला, बसलो. कुणाला मुलगा झाला, बसलो. मॅच जिंकली म्हणून बसलो, हरली म्हणून बसलो. आमच्याकडे 'बसायचं का?' एवढंच विचारतात, कशाला ते कुणी सांगत नाही. आठवड्यातून तीनदा तरी मी बसत होतो आणि स्वतःला पिणाऱ्यांत धरत नव्हतो. पिणारे म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून पडलेले. आम्ही चांगल्या घरची, कमावती पोरं. शेततळ्याच्या काठावर, ताटलीत चकणा घेऊन.

"तीन महिने अजिबात नको," बाई म्हणाल्या. "मग परत रक्त तपासू. आणि रोज चाला. जमलं तर पळा."

"अजिबात?" मी विचारलं. त्यांनी माझं जेवण बंद केल्यासारखा माझा आवाज आला.

सकाळी कालव्याच्या कडेनं पळायला लागलो. पहिल्या दिवशी दोन विजेचे खांब ओलांडले आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. एक म्हातारे बाबा म्हशी घेऊन चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "काय रं, कुनी मागं लागलंय का?" दोन महिन्यांत मी पाच किलोमीटर पळायला लागलो. पट्ट्याला आतून दोन भोकं पाडावी लागली. मला ते पळणं आवडायला लागलं होतं. हे मी कुणाला बोललो नाही, कारण लाज वाटायची. तीन तास बसून दारू पिण्याची कधी लाज वाटली नव्हती, पळण्याची वाटायची.

दारू सुटली, बसणं सुटलं नाही. गावात आमच्या वयाच्या पोरांनी एकमेकांना भेटायचं कुठं? देवळात म्हातारे, पारावर राजकारण. गप्पा मारायच्या तर बसावंच लागतं. म्हणून मी जायचो आणि सोडा प्यायचो. पहिल्या आठवड्यात मजा झाली. "आलं बघा डॉक्टर!" "दिवस गेल्यात का राव तुला?" मीही हसायचो. पुढं मजा आटली. मी ग्लासात सोडा ओतला की कुणीतरी तोंड फिरवायचं.

आम्ही पाच जण होतो. त्यातला एक माझा सगळ्यात जवळचा. कॉलेजात मी चढाईला, तो कोपऱ्यात पकडीला. त्याचं घर पेठला. त्याच्या आईच्या हातचं मी किती वेळा जेवलोय याला गणती नाही. माझी ताई त्याला राखी बांधते. बांधायची. तो सगळ्यांत जास्त आग्रह करायचा. "एक पेग म्हंजी काय दारू अस्ती व्हय? एकट्या तुझ्यामुळं बैठक बसत न्हाय राव." त्यावरही मी हसायचो. आज मला माझ्या त्या हसण्याचा राग येतो. एकदा तरी ताडकन उठून निघून जायला पाहिजे होतं.

त्याचा साखरपुडा ठरला. दुपारचा मुहूर्त, पेठला त्याच्या घरापुढं मांडव. ताई माहेरी आली होती. आई म्हणाली, "तिला घेऊन जा, तिचाबी भाऊच हाय त्यो." मी मोटारसायकल काढली. ताई मागं, भाची पुढं टाकीवर, दोन्ही हातांनी आरसे धरून.

अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. बायका मांडवात गप्पा मारत बसल्या आणि आम्ही पोरं कांद्याच्या चाळीमागं गेलो. नवरदेव स्वतः माझ्यासाठी स्टीलच्या ग्लासात लिंबूसोडा घेऊन आला. वरून मसाला, मीठ, बर्फ. "हे घे, तुझं तीर्थ," म्हणाला. ऊन कडक होतं. रश्शाची तर्री घशात जळत होती. मी एका दमात ग्लास संपवला. जरा कडवट लागला, वाटलं लिंबाची बी चिरडली असेल. त्यानं दुसरा आणला. मग तिसरा. सगळे माझ्याकडे बघून दात काढत होते. त्याच्या लग्नाचा आनंद आहे, असं मी समजलो.

चार वाजता ताईनं मांडवातून हाक मारली. आम्ही निघालो. अवसरीचा घाट उतरताना वळणावर मला समोरचा रस्ता डावीकडे सरकल्यासारखा वाटला. मी गाडी त्याच्या मागं नेली. चाक डांबर सोडून खडीवर गेलं, गाडी घसरली, आणि आम्ही तिघं लोखंडी कठड्याच्या अलीकडे पडलो. वेग कमी होता, म्हणून वाचलो. ताईचं कोपर सोलवटलं. मला काहीच झालं नाही. भाचीची हनुवटी आरशाच्या दांडीवर आपटली होती. तिच्या पिवळ्या फ्रॉकचा गळा बघता बघता लाल झाला. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

एका टेम्पोवाल्यानं आम्हाला मंचरला दवाखान्यात सोडलं. मी भाचीला टेबलावर ठेवायला वाकलो तेव्हा तिथल्या नर्स माझ्या तोंडाशी क्षणभर थांबल्या आणि मागं झाल्या.

"प्यायलाय तुम्ही?"

"नाही हो. मी सोडलीय. दोन महिने झाले."

"वास येतोय मला. लेकराला पुढं बसवून पिऊन गाडी चालवता, वर खोटं बोलता?"

"आईशप्पथ नाही प्यायलो."

मी ओरडलोच. माझी जीभ जड झाली होती आणि ती शपथ माझ्याच कानांना दारुड्याची शपथ वाटली. बाकड्यावर बसलेली चार माणसं माझ्याकडे बघत होती. ताईनं भाचीचा हात धरला आणि माझ्याकडे पाठ केली. टाके घालताना भाची मात्र किंचाळली. मी बाहेर पायरीवर बसून ते ऐकत होतो.

घरी वडील एवढंच म्हणाले, "पळतोय, पळतोय म्हून सांगत व्हता. कुठं पळत व्हता ते कळलं." दाजी दुसऱ्या दिवशी येऊन ताईला आणि मुलीला घेऊन गेले. माझ्याशी शब्दही बोलले नाहीत. मी प्रत्येकाला सांगत होतो, मी प्यायलो नाही. उन्हामुळं चक्कर आली. दवाखान्यातला वास माझा नव्हता. असलं काय काय बोललो.

त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. कांद्याची चाळ, मी, स्टीलचा ग्लास. कुणीतरी बाटलीतून ग्लासात व्होडका ओततंय, वरून सोडा, वरून लिंबू पिळतंय. मग मी एका दमात पितोय आणि मागं दाबलेलं हसू. खाली लिहिलं होतं, 'भाऊचा उपास सुटला.' त्यांना अपघाताचं काहीच माहीत नव्हतं.

मी फोन घेऊन तसाच ताईच्या सासरी गेलो. अंगणातच तिला व्हिडिओ दाखवला. मला वाटलं होतं ती रडेल, मला जवळ घेईल, त्यांना शिव्या देईल. तिनं तो दोनदा पाहिला.

"हरामखोर हायेत," ती म्हणाली. मग फोन माझ्या हातात देऊन विचारलं, "आनि तुला कळलं न्हाई? तीन ग्लास?"

"नाही ना. मसाला होता, बर्फ होता..."

"दहा वर्सं पितोयस तू. तुला कळलं न्हाई?"

मी फोन खिशात घातला. तिला दिलं नाही ते उत्तर इथं देतो. पहिला ग्लास खरंच कळला नाही. दुसऱ्याला शंका आली. तिसऱ्या ग्लासाला छातीत ती ओळखीची ऊब पसरली, कान हलके झाले, आणि मला बरं वाटलं. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्यांच्यातला झालो होतो. विचारलं असतं तर ते 'हो' म्हणाले असते आणि मला ग्लास ठेवावा लागला असता. म्हणून विचारलं नाही. गाडीला किक मारतानाही मला माहीत होतं. त्यांनी फसवलं हे शंभर टक्के खरं. पण मी फसवून घेतलं आणि भाचीला टाकीवर बसवलं.

त्यामुळं त्यांच्यावरचा राग कमी झाला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेठला गेलो. तो बागेत फवारणीच्या पंपाशी बसला होता. टाक्यांचं त्याला तोपर्यंत कळलं होतं. तोंड उतरलं होतं त्याचं, पण पहिलं वाक्य हेच होतं, "मस्करी व्हती राव. मला काय ठावं तू ताईला घेऊन जायचाय?"

"आमी तिघं एका गाडीवर आलो ते तू बघितलं होतंस. भाचीला गाडीवरनं तूच उतरवून घेतलंस."

त्यानं नजर पंपाकडे वळवली. मग एकदम उसळला. "तू आमच्यात बसून सोडा पितो तवा आमाला कसं वाटतं, कधी विचारलं का? आमी दारुडं आनि तू लई शाणा! आनि कॉलेजात त्या ओतूरच्या पोराला हात धरून कुनी पाजली व्हती? तूच ना? लई हसला व्हता तवा."

ते खरं होतं. त्या मुलाचे दोन्ही हात मी मागून आवळले होते, यानं ओतली होती. तो मुलगा आम्हाला पुन्हा कधी भेटला नाही. आम्ही त्याचं नावसुद्धा विसरलो होतो.

"हो, मीच," मी म्हणालो. "तेव्हा मला कुणी कानाखाली द्यायला पाहिजे होती." आणि मी त्याला दिली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं हात उचलला नाही. पंप चालूच होता, औषधाचा उग्र वास येत होता. मी परत निघालो.

त्यानंतर गावात काय चाललं ते लिहायला नको, पण लिहितो. एवढ्याशा मस्करीवरून मित्राला मारलं म्हणून लोकांनी नावं मला ठेवली. "पोरं हायेत, चालायचंच." "तुलाच पचली न्हाय." भाचीच्या टाक्यांचा विषय निघाला की "गाडी नीट चालवायची की" म्हणायचे. व्होडका ओतणाऱ्या हाताबद्दल कुणी शब्द काढला नाही. त्याच्या लग्नाला मी गेलो नाही, तर "लई मोठा झाला" म्हणाले. आमच्याकडे माणूस प्यायला तर माफ, दुसऱ्याला पाजली तर माफ. नाही म्हणाला की त्याचा हिशोब सगळं गाव ठेवतं.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडे खाली आले होते. बाई खूश झाल्या. मी त्यांना विचारलं, आता कधीतरी एखादी घेतली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "सगळ्यात चांगलं म्हणजे नकोच. घेतलीच तर क्वचित, थोडी, आणि पळणं चालू ठेवून." मी दोन-तीन महिन्यांतून एखादी बिअर घेतो. स्वतः उघडतो. दुसरीचा कुणी आग्रह केला तर एकदा 'नको' म्हणतो, आणि तोच पुन्हा म्हणाला तर उठतो. सगळ्यांदेखत, जेवण अर्धं टाकून. ज्या शेतकऱ्यांना मी सामान विकतो त्यांच्यात मला तिरसट म्हणतात. ताई आता बोलते. पण मी न्यायला गेलो तर "एसटीनं येते" म्हणते. मीही आग्रह करत नाही.

गेल्या महिन्यात दुकानात पेठहून फोन आला. द्राक्षबागेतला फिल्टर तुंबला होता आणि बघायला मीच जावं असा निरोप होता. बाग त्याची. मालक म्हणाला, "जा, गिऱ्हाईक हाय." गेलो. तो विहिरीजवळ उभा होता. पोट सुटलंय, डोळ्यांखाली सूज आलीय. आम्ही फिल्टर खोलला. तो पाना देत होता, मी जाळ्या काढून धूत होतो. अर्धा तास 'हे धर', 'ते दे' यापलीकडे बोलणं नाही.

मग तो म्हणाला, "आजून राग हाय?"

"हाय," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. माफी तेव्हाही मागितली नाही. त्याची आई घरातून चहा घेऊन आली, तो मी तिच्यासाठी घेतला. मग झाकणाचे बोल्ट आवळले, मोटर चालू करायला सांगितली, आणि पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचतंय का ते बघायला एकटाच बागेत शिरलो.