उंदरासाठी नेलेली रबरी पिशवी

शेकायच्या रबरी पिशवीचा वास आला, की मला मानपाड्याची प्रयोगशाळा आठवते. तिथे मी उंदरांचं खाणंपिणं बघायची. रक्तदाब वाढलेल्या उंदराचं हृदय साखर कशी वापरतं, ते आमच्या तरुण मॅडम मशीनवर बघायच्या. साखरेसारखं औषध टोचायचं, मग जो भाग साखर ओढतो तो पडद्यावर उजळतो. पण प्रत्येक वेळी हृदय काळंच, उजळायची ती मानेमागची, अंगाला ऊब देणारी चरबी. मोठे साहेब म्हणाले, "आता शेवटचं. नाहीतर हे काम बंद." मॅडमचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "अहो, तुमच्या एसीत मला शाल लागते. तो एवढासा जीव सगळी साखर ऊब धरण्यातच घालवत असेल. माझी शेकायची पिशवी आणू का?" साहेब हसले, "मावशी, डॉक्टर झालात की." मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या पिशवी आणा." दुसऱ्या दिवशी टोचायच्या आधीपासून उंदराला फडक्यात गुंडाळून कोमट पिशवीवर ठेवलं. तासाभराने पडद्यावर हृदय उजळलं, अंगठीसारखं गोल, लखलखीत. साहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मावशी, इथे बसा, नीट बघा." आता त्याच पिशवीने मी गुडघे शेकते, आणि ती खुर्ची आठवली की दुखणं विसरते.