मिनाजचं रविवारचं मत

कळंबची मिनाज दर रविवारी शिलाई मशीन बंद करून मोबाईलसमोर बसायची आणि सिनेमे, गेम, राजकारण यांवरची आपली मतं तिच्या यूट्यूब चॅनलवर सांगायची. एकदा ती म्हणाली, "गेम म्हणजे रिकामटेकड्यांचं काम."

एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले तिचे सासरे, जलील अब्बा, शेजारीच बसले होते. बायको गेल्यापासून ते फारसं बोलत नसत. "तू कधी खेळून बघितलंस का, बेटी?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी ती त्यांच्याजवळ बसली. त्यांच्या मोबाईलवर लुडो रंगला होता. पलीकडं तेर गावाहून त्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर खेळता खेळता बोलत होते आणि अब्बा खळखळून हसत होते.

पुढच्या रविवारी तिनं सांगितलं, "राजकारणावरची माझी मतं तीच हायत. गेमबद्दल मात्र मी न बघताच बोलले."

बघणाऱ्यांपैकी काहींनी तिला पलटी मारली म्हणून चिडवलं. तिनं मनाला लावून घेतलं न्हाय.